गांजाच्या शेतीचा अर्ज

(गांवच्या मारुतीच्या पारावर शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण. ऐकणाऱ्यांच्या आग्रहावरून छापण्यास देत आहों.)



दिवाळीची सुटी संपून शाळा भरली त्याच आठवड्यांत गांवांतील सहासात तरुण पोरें संध्याकाळीं आमच्याकडे आलीं. त्यांतील चार आमचेच जुने विद्यार्थी. म्हणालीं, "गुरुजी, कलेक्टरसाहेबांना एक अर्ज लिहून द्या." अर्ज लिहिणें हा आमचा दुसरा धंदाच होऊन बसला आहे. वीस वर्षांत विहिरीचे, पीकविम्याचे, निराधारांच्या पगाराचे, रेशनकार्डावर नांव चढविण्याचे किती अर्ज लिहिले याची गणती नाहीं. तेव्हां कागद पुढें ओढला आणि विचारलें, "कशाचा?" तर म्हणालीं, "गांजा पेरायची परवानगी पाहिजे."

पोरें थट्टा करीत नव्हतीं. एकानें खिशांतून मोंढ्यावरची सोयाबीनची पट्टी काढून आमच्यापुढें ठेविली. सरकारनें २०२४-२५ सालीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता, आणि त्या हंगामांत आडतीवर आपल्या हातीं पडले चार हजारांच्या आसपास. पुढल्या सालीं हमीभाव ५,३२८ झाला, पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत पाऊस असा कोसळला कीं मुखेडाकडच्या गांवांत पाणी घरांत शिरलें, आणि नदीकांठच्या रानांची मातीच खरवडून गेली. हमीभाव वाढला तेव्हां घालायला माल नव्हता. अशा स्थितींत ज्या पोरांच्या लग्नाचें वय टळत चाललें आहे त्यांनीं गांजाचें नांव काढलें, तर त्यांच्यावर एकदम डोळे वटारण्याचा आम्हांला धीर झाला नाहीं.

आणि हें नांव काढणारीं तीं पहिलीं नव्हेत. २०२१ च्या ऑगस्टांत सोलापूर जिल्ह्यांत, मोहोळ तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें कलेक्टरांस असाच अर्ज दिला होता. कोणत्याही पिकाला भाव नाहीं, लागवडीचा खर्च निघत नाहीं, कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे वेळेवर मिळत नाहींत, तेव्हां दोन एकरांत गांजा लावूं द्यावा. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असें समजून लागवड करीन, असें त्यानें लिहिलें. अर्ज पोलिसांकडे गेला. पोलिसांनीं त्याला प्रसिद्धीसाठीं केलेली युक्ति म्हटलें, आणि प्रकरण तेथेंच राहिलें. आम्हांला त्यांत युक्ति दिसत नाहीं. त्या अर्जांत गांजाची गोष्ट एका ओळीची आहे, बाकी सगळी पिकांच्या भावाची आणि उसाच्या पैशांची आहे.

आम्हीं पोरांना आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जें वाचलें, तें आज तुमच्यापुढें मांडतों. मास्तर मंडळींना उपदेशाची खोड असते, ती आम्हांलाही आहे; पण आज उपदेशापेक्षां हिशेब अधिक सांगूं.

प्रथम कायदा. १९८५ सालचा गुंगीकारक द्रव्यांचा कायदा, ज्याला कोर्टांत एन.डी.पी.एस. म्हणतात, तो त्या सालच्या १४ नोव्हेंबरपासून चालू आहे. त्यांत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. शेंड्याशिवायचें नुसतें पान आणि बीं यांना त्यांत धरलेलें नाहीं, म्हणून शिवरात्रीची भांग या कायद्यांतून सुटली. बाळगलेल्या मालाचे तीन भाग आहेत: एक किलोपर्यंत थोडा माल, वीस किलोंच्या वर व्यापारी माल, आणि दोहोंमधला. पण लागवडीला असें मापच नाहीं. झाड एक असो कीं हजार, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शिवाय ज्याच्या जमिनींत तें उगवलें त्यानें जाणूनबुजून खबर दिली नाहीं, तर तोही गुन्हेगार. व्यापारी मालाच्या खटल्यांत तर जामीन मिळणें महाकठीण.

आतां हा कायदा रानांत उतरतो कसा, तें पाहा. आमचा एक विद्यार्थी होता. नांव सांगत नाहीं. तुम्हांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे, आणि ज्यांस नाहीं त्यांस होण्याची गरज नाहीं. गणितांत चांगला होता. बापाच्या आजारपणांत जमीन गेली, म्हणून दुसऱ्याची दोन एकर बटईनें करीत होता. बाहेरगांवचा एक माणूस त्याला बाजारांत भेटला, बीं दिलें, दहा हजार रुपये उचल दिली आणि म्हणाला, तुरीच्या ओळींत लाव, वर्षाखेरीस मी येऊन नेईन, तुला काहीं करायचें नाहीं. यानें चाळीसेक झाडें लावलीं. त्यानें चूक केली यांत शंका नाहीं, आणि तो स्वतःही ती नाकारीत नाहीं. तुरी फुलोऱ्यांत आल्या तेव्हां पोलिस आले. झाडें मुळासकट उपटलीं, माती लागलेलीं, ओलीं, खोडपानांसह तराजूवर चढविलीं, आणि वजन वीस किलोंच्या वर गेलें. कायद्यांत गांजा म्हणजे फक्त फुलोरा, असें उच्च न्यायालयांनीं जामिनाच्या हुकुमांत कितीदां सांगितलें आहे. पण तें सांगायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात. चौदा महिने तो आंत राहिला. बैलजोडी गेली. बायकोनें ऊसतोडीची उचल घेतली. बीं देणारा बाहेरगांवचा माणूस अजून कोणाला सांपडलेला नाहीं.

आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आपल्या बायका जात्यावर बसून म्हणत आल्या. या धंद्यांतलें पीठ कोण खातो तें पोरांनीं आधीं पाहावें.

पोरांचा हिशेब आम्हीं वहींत उतरवून घेतला होता. एका झाडाला इतका गांजा, किलोला इतके हजार, एकरीं इतके लाख. आम्हीं विचारलें, "हा भाव कोठून काढलात?" तर वर्तमानपत्रांतून. पोलिसांनीं माल धरला म्हणजे त्याची जी किंमत छापून येते, तीवरून. अरे, ती किंमत कोण्या शेतकऱ्याला कधीं मिळाली आहे काय? २०२१ च्या नोव्हेंबरांत आपल्याच नांदेड जिल्ह्यांत, नायगांव तालुक्यांत मांजरमजवळ, एका ट्रकांत १,१२७ किलो गांजा धरला गेला. तो विशाखापट्टणमकडून निघून जळगांवाकडे चालला होता. ज्या डोंगरांत तो पिकला तेथल्या शेतकऱ्याला किलोमागें जें मिळालें असेल तें थोडकें. पुढें प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक जिल्ह्याच्या हद्दीवर किंमत चढत जाते, कारण प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी तुरुंगांत जाण्याची जोखीम घेत असतो. गांजा महाग आहे तो त्या जोखमीमुळें. सरकारनें उद्यां परवानगी दिली तर जोखीम जाईल, आणि तिच्याबरोबर भावही जाईल. झाड तर तणासारखें उगवणारें. तुम्ही दोन एकर लावाल, तर तिकडे तेलंगणा, विदर्भ आणि माळवा दोन लाख एकर लावील. सोयाबीनचें काय झालें तें आठवा. २०२१ सालीं लातूरला सोयाबीन दहा हजारांकडे गेलें, आणि आपण सगळ्यांनीं हिशेब मांडले. ऑगस्टांत सरकारनें परदेशांतून बारा लाख टन सोयापेंड आणण्यास मोकळीक दिली, आणि आपला माल खळ्यावर येईपर्यंत भाव उतरला होता. ज्या सरकारनें सोयाबीनचा भाव राखला नाहीं, तें गांजाचा राखील, असें कोणत्या पंचांगांत लिहिलें आहे? (हंशा)

हें आम्ही नुसत्या तर्कानें बोलत नाहीं. थायलंड नांवाचा आपल्यासारखाच भात पिकविणारा देश आहे. तेथें २०२२ च्या जूनमध्यें गांजावरील बंदी उठली. सरकारनें लोकांना दहा लाख रोपें वांटण्याची घोषणा केली. हजारों दुकानें निघालीं, बाहेरचा चोरटा मालही शिरला, भाव कोसळला, आणि ज्यांनीं पैसे काढून शेड उभारले ते छोटे शेतकरी अडकले. २०२५ च्या जूनमध्यें तेथल्या सरकारनें फिरून हुकूम काढला कीं डॉक्टराच्या चिठ्ठीवांचून विक्री नाहीं. कानडा देशानें २०१८ सालीं गांजा मोकळा केला, तेथें मोठमोठ्या कंपन्यांनीं इतका पिकविला कीं न खपलेला शेकडों टन माल नष्ट करावा लागला. आफ्रिकेंत लेसोथो म्हणून डोंगराळ, गरीब मुलूख आहे. पिढ्यान् पिढ्या तेथें गांजा पिकतो. २०१७ सालीं त्यानें औषधी गांजाचे परवाने काढले, आफ्रिकेंत सर्वांत आधीं. पण परवान्याची फी एवढी जबर कीं ती परदेशी कंपन्यांनाच परवडली. ज्यांच्या डोंगरांत तो पिकत होता ते बाहेरच राहिले. मोरोक्को देशानें जरा निराळें केलें. २०२१ सालीं कायदा करून रिफ पर्वताच्या तीन प्रांतांत, सहकारी संस्थांच्या मार्फत, औषध व कारखान्यांपुरती लागवड मोकळी केली, आणि २०२४ च्या ऑगस्टांत तेथल्या राजानें गांजाच्या लागवडीवरून खटले झालेल्या ४,८३१ लोकांना माफी दिली. आमच्या मतें त्या देशानें शहाणपण केलें, कारण परवाना देतांना त्याला जुने कैदी आठवले.

आपल्या देशाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १८९३ सालीं इंग्रज सरकारनें गांजा-भांगेची चौकशी करण्यास एक कमिशन नेमिलें. त्यानें हिंदुस्थानभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले आणि मोठमोठ्या सात जिल्दांचा अहवाल केला. आम्ही आजवर शाळेंत मुलांना सांगत आलों कीं गांजा ओढला कीं माणूस वेडा होतो. कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तरें तपासलीं तेव्हां असें आढळलें कीं, वेडाचें कारण कळलें नाहीं म्हणजे पोलिस शिपाई "गांजा" असें लिहून मोकळा होत असे. माफक सेवनानें फारसा अपाय होत नाहीं, अतिसेवनानें होतो, बंदी घालूं नये, परवाना व कर यांनीं आळा घालावा, असा त्यांचा निकाल पडला. हें वाचून आम्हांला आमचे जुने धडे दुरुस्त करावे लागले. पण पुरते पुसले नाहींत. आजचे डॉक्टर सांगतात कीं पंधरासोळा वर्षांच्या पोराला ही संवय लागली तर पुढें मनाचा रोग होण्याचा धोका वाढतो, आणि आजचा गांजा जुन्या गांजाहून पुष्कळ ठिकाणीं जहाल आहे. आमचा संबंध त्याच वयाच्या पोरांशीं येतो, म्हणून आम्ही हें विसरूं शकत नाहीं.

त्या काळीं आपल्या महाराष्ट्रांत नगर जिल्ह्यांत सरकारी परवान्यानें गांजा पिकत असे, तिकडे खांडव्याकडेही पिके. पण आम्हांला सर्वांत नवल वाटलें तें बंगालच्या नौगांवचें. तेथें परवानेवाले शेतकरी होते, पण दलाल त्यांना नागवीत. १९१७ सालीं त्यांनीं आपली सहकारी सोसायटी काढली, माल एका ठिकाणीं जमा करून विकूं लागले, आणि नफ्यांतून शाळा, दवाखाने व रस्ते केले. गांजाच्या पैशांतून शाळा! आम्हांला हें वाचून बरें वाटलें कीं वाईट, तें अजून ठरलेलें नाहीं. पुढें तो मुलूख बांगलादेशांत गेला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथली लागवड बंद झाली. तरी एक गोष्ट पक्की, ज्या थोड्या शेतकऱ्यांना या झाडानें कधीं सुख दिलें, त्यांच्या हातीं परवान्याबरोबर विक्रीही होती.

आपल्या मुलखांत मात्र हा पैसा निजामाच्या तिजोरींत जात असे. शिंदी, मोहाची दारू, गांजा, सगळें ठेक्यानें. शिंदीचें झाड आपल्या बांधावर, पण त्यावर हक्क सरकारचा, धंदा ठेकेदाराचा, आणि पिणारे आपले. १९४७ सालीं हैदराबादच्या लढ्यांत आपल्या लोकांनीं शिंदीबनांवर कुऱ्हाडी चालविल्या, त्या दारूच्या द्वेषाइतक्याच त्या तिजोरीच्या द्वेषानें. आमचे आजोबा सांगत कीं, झाड पडलें म्हणजे पोरें टाळ्या पिटीत आणि म्हातारे हळूच हळहळत. त्याच्याही आधीं, १८८० सालीं, पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असतां जोतीराव फुल्यांनीं शहरांत दारूचीं दुकानें वाढत चाललीं म्हणून लेखी तक्रार केली होती. सरकारला उत्पन्न होतें तेथें सरकारचे डोळे मिटतात, हें त्यांना दिसलें होतें. आज काय निराळें आहे? २०२५ च्या जूनमध्यें आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानें दारूवरचा कर वाढविला, त्यांतून वर्षाला १४,००० कोटी अधिक येतील असा अंदाज सांगितला. ज्या खजिन्याला दारूचे इतके कोटी मोजायची संवय लागली, त्याला गांजाचेही मोजायला आवडतील. मग दुकान बंद करा म्हणून तुमच्या बायकांनीं आडवी बाटली करायला किती हेलपाटे घालावेत? चंद्रपुरांत २०१५ सालीं बायांनीं पायपीट करून दारूबंदी आणली, २०२१ सालीं ती उठली.

येथें पाठीमागून कोणी तरी म्हणत आहे कीं, "गुरुजी, दारू चालते तर गांजा कां नको?" प्रश्न रास्त आहे, तो टाळणार नाहीं. २०१९ सालीं दिल्लीच्या एम्स इस्पितळानें केलेल्या पाहणीचे आंकडे प्रसिद्ध झाले. देशांत दारू पिणारे सोळा कोटी, त्यांतील ५ कोटी ७० लाखांना औषधोपचाराची गरज. भांग, गांजा व चरस मिळून घेणारे ३ कोटी १० लाख, त्यांत ७२ लाखांना मदतीची गरज. म्हणजे संसार अधिक बुडविले ते दारूनेंच, हें आम्ही कबूल करतों. गांजा ओढणाऱ्यापेक्षां दारू पिणारा बायकोला अधिक मारतो, हें तर तुमच्या गल्लींत तुम्हीच पाहतां. म्हणून चिलीम ओढणाऱ्या म्हाताऱ्याला किंवा झाड लावणाऱ्या गरिबाला तुरुंगांत घालणें अन्याय आहे, असें आम्ही म्हणतों. पण त्यावरून गल्लीच्या तोंडावर दुसरें दुकान उघडा असें निघत नाहीं. एका पायांत कांटा मोडला म्हणून दुसऱ्यांत कोणी मोडून घेत नाहीं.

(या ठिकाणीं एक आजीबाई उठून म्हणाल्या, "पोरांनी अर्ज काढला, पण आईला इचारलं का?" तेव्हां बराच वेळ हंशा चालला. अर्जवाल्या पोरांनीं विचारलें नव्हतें.)

आतां या झाडाची दुसरी बाजू, जी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. झाडाच्या सालीचा वाख निघतो आणि बियांचें तेल. ज्या जातींत नशेचें द्रव्य, ज्याला टी.एच.सी. म्हणतात, तें शेंकडा ०.३ पेक्षां कमी असतें, त्यांची लागवड वेगळी धरतात. आपल्याच १९८५ च्या कायद्यांत चौदाव्या कलमानें वाख व बियांसाठीं, आणि दहाव्या कलमानें राज्य सरकारांच्या हातून, परवानगीची वाट ठेविलेली आहे. उत्तराखंड राज्यानें २०१८ सालीं ती वाट धरली. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेनें २०२४ सालीं तसा ठराव केला आणि २०२५ च्या जानेवारींत तेथल्या मंत्रिमंडळानें पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांस प्रयोग करण्यास मंजुरी दिली. बीं व बियांचें तेल खाण्यास हरकत नाहीं असें देशाच्या अन्न खात्यानें २०२१ सालींच ठरविलें आहे. उत्तराखंडांत भांगेच्या बियांची चटणी करतात, आपण कारळाची करतों तशी. म्हणजे पोरांनो, तुमचा अर्ज कलेक्टरांकडे देणेंच चुकीचें होतें. राज्य सरकारनें नियम केल्यावांचून कलेक्टर काय देणार? पत्ता चुकलेलें पत्र तें.

वाखाची गोष्ट काढली म्हणजे आम्हांला आपल्या गांवचा मातंगवाडा आठवतो. ज्वारींत, बांधाच्या कडेनें आपण अंबाडी लावीत असूं. तिचें शास्त्रीय नांव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारख्या पानांची. इंग्रजी पुस्तकांत तिला दख्खनचें हेंप म्हणतात. पानांची भाजी, आणि धांडे ओढ्यांत भिजत घालून, कुजवून, सोलून वाख काढायचा. त्या वाखाचे कासरे, दावीं, चऱ्हाटें, मोटेचे सोल, शिंकीं, सगळें मातंगवाड्यांत वळलें जाई. आम्ही लहानपणीं पाहिलें आहे, एक जण फिरकी फिरवी आणि दुसरा वाख सोडीत सोडीत मागें मागें सरे, पार वेशीपर्यंत. मग नायलॉनचा दोर आला. रंगीत, कुजत नाहीं, स्वस्त. पांचसहा वर्षांत वळणाऱ्यांचे हात रिकामे झाले. कोणी बॅंड पथकांत गेले, कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्याला. तेव्हां कोणीही म्हटलें नाहीं कीं देशानें वाखाचा धंदा वाढवावा. आतां साहेबलोक प्लास्टिकला कंटाळले, त्यांना झाडाच्या वाखाचें कापड आणि पिशव्या हव्या झाल्या, म्हणून वाखाचें नांव पुनः निघालें. निघूं द्या. पण वाख काढायचें यंत्र कोठें बसेल? धांडे म्हणजे मोठा पसारा, वजनाला हलका, गाडीभाड्यांतच पैसे जातील. दोनशें कोसांवर कारखाना असून उपयोग नाहीं. आणि कुजवायला पाणी लागतें. ज्या लातूरला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें वाख कुजवायची टाकी कोण भरील, हाही हिशेब करा. दंवावर कुजविण्याची रीत आहे, पण ती आपल्या कोरड्या हवेंत कशी चालते हें कोणी तरी करून पाहिलें पाहिजे. शिवाय पिकांत टी.एच.सी. ठरल्या मर्यादेच्या वर गेलें कीं सगळें रान नष्ट करावें लागतें. तो तोटा कोणाच्या माथीं?

औषधाचें थोडक्यांत सांगतों. या झाडापासून अपस्माराच्या कांहीं जबर प्रकारांवर औषध झालें आहे, आणि कर्करोगाच्या उपचारांतील ओकारीवरही होतें. २०२० च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत गांजाला सर्वांत कडक यादींतून काढावें असें ठरलें, तेव्हां २७ विरुद्ध २५ मतें पडलीं, आणि आपल्या देशाचें मत काढावें या बाजूला होतें. माळव्यांत, मंदसौर-नीमचकडे, अफूची शेती आजही सरकारी पट्ट्यानें चालते. सरकार पट्टा देतें, माल सरकारच घेतें, भावही सरकारच ठरवितें, आणि अफूचा उतारा किंवा कस कमी पडला तर पट्टा जातो. म्हणजे नशेचें झाड कायद्यानें पिकविणें या देशाला नवीन नाहीं. औषधी गांजा तसा पिकवितां येईल. पण तो आपल्या दोन एकरांत येईल कीं एखाद्या कंपनीच्या कांचेच्या घरांत, हें आजच ठरविलें नाहीं तर लेसोथोसारखें होईल.

तेव्हां आम्हीं पोरांचा अर्ज लिहिला नाहीं. दुसरा लिहिला आहे, कलेक्टरांच्या नांवें नव्हे, राज्य सरकारच्या. वाचून दाखवितों तो थोडक्यांत असा. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानें नांदेड व लातूर जिल्ह्यांत वाख-बियांच्या जातींचा आणि अंबाडीचाही प्रयोग करावा, आणि पाणी किती, खर्च किती, उतारा किती, तें मराठींत छापावें. पुढें परवाने निघालेच तर पांच एकरांखालच्यांना व बटईदारांना आधीं द्यावेत, सोसायटीच्या मार्फत, आणि फी एका पोत्याच्या किंमतीहून जास्त नसावी. वाखाचें यंत्र तालुक्याला असावें व त्या सोसायटींत दोर वळणाऱ्या घरांना सभासद करावें. गांजा विकण्याचें दुकान आम्हांला नको. खजिन्यासाठीं तर मुळींच नको. दोनचार झाडांच्या, आणि चिलमीपुरत्या मालाच्या गुन्ह्यांत तुरुंग नसावा, झाडें तोलतांना फक्त फुलोरा तोलावा, आणि बीं देणाऱ्याचा शोध लागेपर्यंत लावणाऱ्याला कुजत ठेवूं नये. सर्वांत वर मात्र आम्हीं सोयाबीन लिहिलें आहे. हमीभावानें सगळा माल घ्या, मग बाकीचें बोलूं.

पोरांना हा अर्ज तितकासा आवडला नाहीं. एक जण म्हणाला, "गुरुजी, यांत आमच्या एकरीं लाखांचं काहीच नाही." खरें आहे, नाहीं. तो सही करणार कीं नाहीं हें अजून त्यानें सांगितलेलें नाहीं, आणि आम्ही आग्रहही केला नाहीं.

अर्ज शाळेंत ठेविला आहे. रविवारीं सकाळीं आठ ते अकरा आम्ही ओट्यावर बसूं. बायकांच्या सह्या वेगळ्या कागदावर नकोत, त्याच कागदावर घ्यायच्या आहेत. बटईदारांनीं मालकाला विचारीत बसूं नये.

आणखी एक. ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली त्याच्या खटल्याची तारीख पुढच्या महिन्याच्या नऊला आहे. त्या दिवशीं ज्याची गाडी नांदेडला जाणार असेल त्यानें त्याला वेशीवरून बरोबर घ्यावें. एस.टी.चें जाण्यायेण्याचें भाडें त्याला जड जातें, आणि तारीख चुकली तर वारंट निघतें.